नॉक ऐकायचा संच आणि टायमिंग लाइट: नव्यानं बांधलेल्या टर्बो इंजिनावर वापरून

आधी निकाल सांगून टाकतो. नॉक, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप भडकून होणारा ठोका, तो ऐकायचा संच घ्या. टायमिंग लाइट म्हणजे स्पार्कच्या क्षणी लुकलुकून क्रँकच्या पुलीवरची खूण दाखवणारा दिवा; ती डायलवाली घेतली नाही तरी अडत नाही, साधी पुरते. आणि या दोन्हींच्या आधी पिस्टन स्टॉप घ्या, म्हणजे प्लगच्या भोकात बसणारा आणि पिस्टनला अडवणारा तो पोकळ स्क्रू. तिघांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत ओबडधोबड वस्तू तीच, पण शेवटी खरं तिनंच सांगितलं.

माझा पेशा इंजिनांचा नाही. पंप, पंखे, गिअरबॉक्स चालू असताना त्यांचं कंपन मोजायचं आणि कुठलं बेअरिंग जायला आलंय ते सांगायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे 'या सेन्सरनं नॉक ओळखतो' असं पेटीवर लिहिलेलं वाचलं की माझा पहिला प्रश्न असतो, कुठल्या फ्रीक्वेन्सीला आणि कुठल्या गाळणीनं? हा संच माझ्या हातात आला तो मित्राच्या मुलीमुळे. तिनं स्वतः बांधलेलं इंजिन, तिचाच संच, तिचीच लाइट. मला बोलावलं होतं फक्त कान द्यायला.

इंजिन टोयोटाचं ३एस-जीटीई. चार सिलिंडर, दोन लिटर, मूळ बोअर (सिलिंडरचा व्यास) ८६ मिमी आणि स्ट्रोकही (पिस्टनची धाव) ८६. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. स्पार्क वाटायला डिस्ट्रिब्युटर, आणि तो कॅमशाफ्टवरून फिरतो. तिनं ब्लॉक अर्धा मिलीमीटर मोठा बोअर करून घेतलेला, म्हणजे ८६.५. आत २६१८ मिश्रधातूचे फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन, हेडला फेसिंग (घासून सपाट करणं), नवं गॅस्केट, नवा टायमिंग बेल्ट आणि कारखान्याच्या ईसीयूऐवजी, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाऐवजी, प्रोग्रॅमेबल ईसीयू. काम नीटनेटकं. बोल्टांवर आवळल्याच्या खुणा, वहीत प्रत्येक क्लिअरन्स (भागांमधली मोकळी जागा) लिहिलेला. मी अनेक कारखान्यांत इतकी स्वच्छ वही पाहिलेली नाही.

तक्रार अशी की थंड इंजिनात खालून टकटक, आणि गरम झाल्यावर बूस्ट, म्हणजे टर्बोनं कोंबलेल्या हवेचा दाब, आला की काहीतरी बारीक तडतड. ईसीयूचा नॉक आकडा दोन्ही वेळा वर जायचा. "काका, यातलं खरं कुठलं ते सांगा," एवढंच तिचं म्हणणं.

संचात असतं काय? वाटोळा, मधे भोक असलेला पिझो सेन्सर (कंपनाची वीज करणारा), ८ मिमी बोल्टवर बसणारा. एक अॅम्प्लिफायरची डबी, तिला गाळणीचा तीन खटक्यांचा स्विच आणि आवाजाचं बटण. कान पूर्ण झाकणारे हेडफोन. डबीच्या मागे शून्य ते पाच व्होल्टचं आउटपुट, जे ईसीयूच्या किंवा लॉगरच्या एखाद्या मोकळ्या अॅनलॉग पायाला देता येतं. ब्रँडचं नाव देत नाही, कारण याच घडणीच्या डब्या निरनिराळ्या नावांनी विकायला असतात आणि माझं म्हणणं घडणीबद्दल आहे. पाच व्होल्टचं आउटपुट नसलेला संच मात्र घेऊ नका. कान थकतो, लॉग थकत नाही.

सेन्सर बसवणं हे अर्धं काम आहे, आणि संचाबरोबरच्या पत्रकात त्यावर दोन ओळी आहेत. त्यातली एक चूक. पत्रक सांगतं की सेन्सर 'सोयीच्या जागी' बसवा. सोयीची जागा म्हणजे बहुतेक वेळा कुठला तरी ब्रॅकेट, आणि ब्रॅकेट स्वतःच्या फ्रीक्वेन्सीनं गात असतो. सेन्सर ब्लॉकवरच हवा, सिलिंडरच्या भिंतीजवळ, शक्यतो दोन आणि तीन नंबरच्या मधे. खालचा पृष्ठभाग सपाट आणि उघड्या धातूचा हवा. रंग, गंज, गॅस्केटचा चिकटा काही नको. आणि वॉशर अजिबात नको, ना खाली ना वर. अशा सपाट सेन्सरला २० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात. पिझोला बोल्टनं किती दाबलंय त्यावर त्याची संवेदना ठरते, म्हणून हाताच्या अंदाजावर सोडू नका, टॉर्क पाना लावा. मी आधी ढिल्या बोल्टवर ऐकलं आणि मग आवळून ऐकलं. ढिल्यावर सगळंच आवाजी आणि कशातच नेमकेपणा नाही. बेअरिंगच्या सेन्सरचंही असंच असतं.

आता फ्रीक्वेन्सी. स्पार्क पडल्यावर ज्योत पसरत जाते, आणि तिच्या पुढे दबलेलं, तापलेलं उरलंसुरलं मिश्रण ज्योत पोचायच्या आधीच एकदम पेटतं. ते पेटलं की ज्वलनकक्षात दाबाची लाट भिंतीवरून भिंतीवर आपटत राहते. ती लाट कुठल्या सुरात वाजेल हे बोअरच्या व्यासावर ठरतं. चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांनी १९३० च्या दशकात हे गणित मांडलं. हेच ड्रेपर पुढे अपोलो यानांची दिशादर्शन यंत्रणा घडवणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते, आणि त्यांची इंजिनातली ही लुडबुड मला त्या चंद्राच्या कामाइतकीच आवडते. गॅरेजमध्ये चालणारं सोपं सूत्र असं: ९०० ला पाय गुणिले बोअरच्या त्रिज्येनं भागा, त्रिज्या मिलीमीटरमध्ये, उत्तर किलोहर्ट्झमध्ये. ८६.५ च्या बोअरला त्रिज्या ४३.२५, उत्तर ६.६ किलोहर्ट्झ. त्याच्या वरचा पुढचा सूर साधारण एक पूर्णांक दोन तृतीयांश पट, म्हणजे ११ किलोहर्ट्झच्या आसपास.

संचाच्या स्विचवर पहिला खटका ६ ते ८ किलोहर्ट्झचा आहे, दुसरा १० ते १४ चा आणि तिसरा उघडा, म्हणजे गाळणी नाहीच. मूळ सूर पहिल्या खटक्यात बरोबर बसतो. म्हणून लोक तोच लावतात. पण टर्बो इंजिनात, त्यातून फोर्ज्ड पिस्टनवाल्या, यांत्रिक खडखडाटही त्याच पट्ट्यात गर्दी करतो. दुसऱ्या खटक्यावर नॉकचा आवाज थोडा हळू येतो, पण भोवतालची गर्दी जास्त हटते. मी बहुतेक काम दुसऱ्यावरच केलं. डबी बनवणाऱ्यानं हा दुसरा खटका दिला याबद्दल त्याला पैकीच्या पैकी.

पहिल्यांदा हेडफोन लावले तेव्हा इंजिन थंड, नुसतं आयडलवर. आणि काय गोंगाट! इंजेक्टरची टिकटिक, झडपा बसल्याचे ठोके, बेल्टच्या टेन्शनरची सूं, आणि या सगळ्यांखाली पिस्टनची थापट. ज्यानं हे आधी कधी ऐकलं नाही तो पहिल्याच मिनिटाला इंजिन बंद करून टाकेल. म्हणून माझा सल्ला असा की पहिलं सत्र निदानासाठी ठेवूच नका. नुसतं ऐका. एकेक इंजेक्टरचा कनेक्टर काढून पाहा, कुठली टिकटिक गेली. रेव्ह थोडे वर-खाली करा. आपल्या इंजिनाचा निरोगी आवाज कानात बसला की मग नॉक शोधायचा.

थंड टकटकीचा उलगडा तासाभरात झाला. २६१८ या मिश्रधातूत सिलिकॉन जवळजवळ नाही, पिस्टनच्या दुसऱ्या मिश्रधातूत, ४०३२ मध्ये, ते १२ टक्क्यांच्या आसपास असतं. सिलिकॉन कमी म्हणून पिस्टन चिवट, बूस्टचा मार सोसणारा, पण तापला की जास्त फुगणारा. म्हणून बोअरमध्ये क्लिअरन्स जास्त ठेवावा लागतो आणि थंडपणी पिस्टन भिंतीवर थापटतो. तेल तापत गेलं तसा हा आवाज हेडफोनमध्ये विरत गेला आणि शेवटी झडपांच्या ठोक्यांत हरवला. नॉकचं उलट असतं, तो उष्णता आणि भार वाढला की येतो. लॅपटॉपवरून टायमिंग क्रँकचे चार अंश मागे घेतलं, म्हणजे स्पार्क तितका उशिरा दिला, तरी थंडीतली टकटक होती तिथेच. मुलीनं वहीत 'थापट, सोडून द्या' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ईसीयू सतत ऐकत नाही. स्पार्कनंतर पिस्टन वरच्या टोकावरून उतरायला लागला की साधारण १० ते ६० अंशांच्या खिडकीत तो कान उघडतो आणि मिटतो, कारण नॉक झाला तर तिथेच होणार. हा संच मात्र कान मिटतच नाही. झडप बसल्याचा ठोका ईसीयूला ऐकू येत नाही, तुम्हाला येतो. त्याची भरपाई तुमच्या मेंदूनं करायची. ही संचाची खोट आहे की गुण यावर वाद घालता येईल. खिडकीवाले महाग मॉनिटर मिळतात, क्रँकचा सिग्नल जोडून घेणारे. पण खिडकी चुकीच्या जागी ठेवली तर ते तितक्याच आत्मविश्वासानं खोटं दाखवतात, आणि टायमिंगच चुकलेलं असलेल्या इंजिनात खिडकी कुठे ठेवणार?

गाडी रोलरच्या डायनोवर, म्हणजे जागीच चाकं फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढवली. हेडफोन लावून रस्त्यावर गाडी चालवू नका, चालकानं तर मुळीच नाही. एवढं सांगूनही लोक करतात म्हणून पुन्हा सांगतो. तेल ८० अंशांवर, बूस्ट वेस्टगेटच्या (टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगवर, म्हणजे मिळेल तितका कमी. ३००० पर्यंत काही नाही. ३५०० च्या पुढे बूस्ट पूर्ण उभा राहिला आणि पत्र्यावर खडा पडावा तसा एक ठोका. मग दोन. मग सलग. मी हात वर केला, तिनं थ्रॉटल सोडला. लॉगमध्ये पाच व्होल्टच्या आउटपुटवर तीच टोकं, त्याच आरपीएमला. कान आणि कागद जुळले.

नॉक टॉर्कच्या शिखराजवळ सापडला हे अपेक्षितच. सिलिंडरमधला दाब तिथे सर्वांत जास्त, आणि वेग अजून इतका नाही की शेवटच्या मिश्रणाला पेटायला वेळच मिळू नये. पुढे ५५०० च्या वर तो आपोआप विरळ झाला.

आता कारण. डायनोभोवती उभ्या असलेल्या प्रत्येकाकडे एक कारण तयार होतं. 'हेड घासलंय ना, कॉम्प्रेशन वाढलं.' हे मी पाव तासात आकड्यांनी बाद केलं. एका सिलिंडरचं आकारमान ५०५ घन सेंटीमीटर. कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, ८.५ धरलं तर वर उरलेली जागा ६७.४. पाव मिलीमीटर फेसिंगनं पूर्ण बोअरएवढा काप गेला असं धरलं तरी दीड घन सेंटीमीटर गेले. नवं कॉम्प्रेशन ८.७ च्याही आत. याच्यानं एवढा नॉक येत नाही. मिश्रण? बूस्टमध्ये लॅम्बडा (हवा-इंधनाचं प्रमाण) ०.७९, व्यवस्थित. इंधन ताजं, ऑक्टेन (नॉक न होऊ देण्याची इंधनाची ताकद) नकाशाला, म्हणजे ईसीयूतल्या टायमिंगच्या तक्त्याला, धरून. प्लग मूळच्यापेक्षा एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारा), गॅप ०.७ मिमी. प्लगची पायरी सांगताना आकड्यानं फसू नका, एनजीके आणि डेन्सोत आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, बॉशमध्ये आकडा मोठा म्हणजे गरम. प्लग काढून पाहिले, पांढऱ्या चिनीमातीवर काळी मिरपूड उडाल्यासारखे ठिपके, चारही प्लगांवर. अॅल्युमिनियमचे चमकते कण नव्हते, म्हणजे पिस्टन अजून शाबूत.

चारही सिलिंडरांवर सारखंच. एखादा इंजेक्टर तुंबला असता तर एकच सिलिंडर ओरडला असता. सगळे एकदम ओरडतात तेव्हा संशय सगळ्यांच्या सामाईक गोष्टीवर जातो. हवा, इंधन, आणि टायमिंग. हवेचं तापमान लॉगमध्ये ठीक होतं, इंधनाचं वर सांगितलंच.

"पण लाइट दहाच दाखवतेय," ती म्हणाली. तिनं ते एकदा नव्हे, दर वेळी पाहिलं होतं. कारखान्याचा ईसीयू असता तर निदानाच्या कनेक्टरमधली टीई-१ आणि ई-१ ही टोकं जोडली की टायमिंग बेसवर बांधलं जातं, आणि आयडलला पुलीवरची खूण १० अंशांवर, म्हणजे स्पार्क पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या १० अंश आधी, दिसायला हवी. प्रोग्रॅमेबल ईसीयूत हेच लॅपटॉपवरून करता येतं. तिनं १० वर बांधलं होतं, लाइट मारली होती, खूण १० वर होती. लाइटचं काही चुकत नव्हतं. ती पुलीवरची खूण दाखवत होती.

प्रश्न होता खूण कुठे आहे हा. जुन्या क्रँक पुलीत मधला लोखंडी गड्डा आणि बाहेरचं कडं यांच्या मधे रबर असतं, कंपन जिरवायला. वर्षानुवर्षं तेल आणि उष्णता खाल्ली की रबर सुटतं आणि बाहेरचं कडं हळूहळू सरकतं. खूण असते कड्यावर. पुली बाहेरून बघितली तर काही कळत नाही.

पिस्टन स्टॉपची रीत सोपी आहे. सगळे प्लग काढा, एक नंबरमध्ये स्टॉप लावा, क्रँकच्या नाकावर अंशांची तबकडी बसवा. क्रँक हातानं, हळू, पिस्टन स्टॉपला टेकेपर्यंत फिरवा आणि अंश लिहा. मग उलट दिशेनं तेच. दोन आकड्यांच्या बरोबर मध्यावर वरचं टोक. स्टार्टर चुकूनही मारायचा नाही, आणि उलट फिरवताना जोर लावायचा नाही, बेल्टचा टेन्शनर वाकतो. नुसता डायल गेज लावून वरचं टोक शोधायचा मोह होतो, पण तिथे पिस्टन एक-दोन अंश जवळजवळ हलतच नाही, सुई स्थिर राहते, आणि नेमका तोच एक-दोन अंश आपल्याला हवा असतो. दोन बाजूंनी टेकवून मध्य काढला की तो घोळ उरत नाही.

खरं टोक पुलीवरच्या शून्यापासून पाच मिलीमीटर दूर निघालं. पुलीचा व्यास १५० मिमीच्या आसपास, परीघ ४७१, एका अंशाला १.३ मिमी. म्हणजे जवळजवळ चार अंश. लाइट दहा दाखवत असताना इंजिन चौदावर चालत होतं, आणि बूस्टमधल्या नकाशातला प्रत्येक आकडा चार अंश पुढे. तिनं गड्ड्यावर आणि कड्यावर रंगाची एक सरळ रेघ ओढली. पुढच्या रननंतर ती रेघ तुटलेली होती. कडं अजूनही सरकतच होतं.

आता लाइटबद्दल थोडं, कारण तीही परीक्षेला आहे. डायलवाल्या लाइटमध्ये मागच्या फेरीचा वेळ मोजून फ्लॅश तितका उशिरा मारला जातो, म्हणजे २५ अंशांचा अॅडव्हान्स (स्पार्क २५ अंश आधी) असला तरी डायल २५ वर फिरवून खूण शून्यावर आणता येते. वेग स्थिर असेल तर छान. थ्रॉटल हलता असेल तर मागच्या फेरीचा हिशोब या फेरीला लागत नाही आणि डायल अंशभर चुकतो. दोन सिलिंडरांना जोडीनं स्पार्क देणाऱ्या इग्निशनवर ती क्रँकच्या दर दोन फेऱ्यांमागे एक फ्लॅश जास्त मोजते, तेव्हा डायलचा आकडा दुप्पट किंवा निम्मा येतो. काही लाइटांना त्यासाठी वेगळं बटण असतं, या लाइटला नाही. डिस्ट्रिब्युटरवर हा प्रश्न येत नाही. प्लगवरच कॉइल असलेल्या इंजिनात वायरच नसते, तिथे कॉइल आणि प्लगच्या मधे जोडवायर घालावी लागते. पकडीवरचा बाण प्लगकडे हवा, हे मात्र सगळ्यांना लागू.

या लाइटनं एक चांगलं काम केलं ते सांगायला हवं. टायमिंग १० वर बांधून ९०० वरून ४००० आरपीएमला नेलं तर खूण अर्धा-एक अंश मागे सरकायची. बांधलेलं टायमिंग सरकायला नको. ४००० आरपीएमला एक अंश म्हणजे जेमतेम ४२ मायक्रोसेकंद, ६००० ला २८. एवढासा उशीर ईसीयूत, इग्निटरमध्ये किंवा खुद्द लाइटमध्येही असू शकतो. साध्या, डायल नसलेल्या दुसऱ्या लाइटनं पाहिलं, सरकणं तेवढंच. मग ईसीयूत विलंबाची भरपाई टाकली आणि खूण जागेवर थांबली. सरकणं याहून मोठं, पाच-सहा अंशांचं असतं, तर मी चुंबकीय पिकअपच्या (क्रँकची जागा सांगणाऱ्या सेन्सरच्या) दोन वायरी उलट जोडल्यात का ते आधी पाहिलं असतं. आणि कॅमवरून फिरणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर खूण जराशी थरथरते, त्याला लाइट जबाबदार नाही. बेल्टचा आणि जोडणीतला खेळ तिथे दिसतो.

नवी पुली आली, खरं टोक पुन्हा स्टॉपनं तपासलं, दहा म्हणजे दहा झालं. एक तपासणी लोक विसरतात: ईसीयूतला ऑफसेट बदलून टायमिंग बरोबर केलं तरी डिस्ट्रिब्युटरचा रोटर स्पार्कच्या क्षणी टोपीतल्या टोकासमोर असतोच असं नाही. नसेल तर स्पार्क शेजारच्या टोकावर उडी मारतो. टोपी काढून ते पाहून घेतलं.

डायनोवर परत. सलग तडतड गेली. ३६०० ते ४२०० मध्ये, पूर्ण बूस्टवर, दुसऱ्या खटक्यावर एखाद-दुसरा ठोका उरला होता. त्या पट्ट्यात दोन अंश कमी केले, तोही गेला. यापेक्षा जास्त मागे घ्यायला मी नकार दिला. टायमिंग मागे घेणं फुकट नसतं. ज्वलन उशिरा संपतं, उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते, झडपा आणि टर्बाइन तापतात. नॉकच्या भीतीनं आठ-दहा अंश मागे नेलेली इंजिनं मंद चालतात आणि टर्बो भाजतात. साब या स्वीडिश मोटार कंपनीनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एपीसी यंत्रणा आणली तेव्हा नॉक सापडल्यावर ती बूस्टच उतरवत असे. मला तो विचार आजही पटतो. नॉक उरलाच तर एखाद-दोन अंश मागे घेऊन थांबावं आणि मग बूस्ट उतरवावा.

टायमिंग मागे घेऊनही आवाज तसाच राहिला किंवा वाढला तर मात्र लगेच इंजिन बंद करा. तो बहुधा नॉक नसून प्री-इग्निशन असतं. एखादं लाल झालेलं टोक, प्लगचं किंवा कार्बनचं, स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटवत असतं आणि स्पार्क कितीही उशिरा दिला तरी त्याला फरक पडत नाही. पिस्टनला भोक पडायला मग फार वेळ लागत नाही. या संचावर दोन्हींतला फरक कळेल अशी अपेक्षा ठेवू नका. तो फक्त ठोका ऐकवतो.

संचाच्या तक्रारी आता एकदम. गाडीच्या १२ व्होल्टवर लावला की आल्टरनेटरची शिट्टी हेडफोनमध्ये येते, आरपीएमबरोबर चढत जाते आणि नेमकी कामाच्या पट्ट्यात त्रास देते. वेगळ्या छोट्या बॅटरीवर चालवला की शांत. हे पत्रकात लिहायला काय हरकत होती? आवाजावर कमाल मर्यादा नाही. बॅकफायर झाला तर कानात थेट बसतो, आणि तो बसतोच. आवाजाचं बटण नेहमी अर्ध्याच्या खाली ठेवा. केबलचं शिल्ड दोन्ही टोकांना जोडलेलं आलं होतं, त्यानं प्लगवायरींचा स्पार्क आत शिरत होता. सेन्सरकडचं टोक सोडवलं, गडबड थांबली. केबल एक्झॉस्टच्या बाजूनं ओढू नका, आवरण वितळतं.

जुने लोक तांब्याच्या नळीचं टोक चेपून ब्लॉकला बोल्टनं बांधायचे, नळीला रबरी पाइप लावून कानात घालायचे. मीही ते करून पाहिलं, हौस म्हणून. चालतं! मोठा नॉक त्यातही ऐकू येतो. उरलेला तो एखाद-दुसरा ठोका मात्र त्यात कधीच सापडला नसता, आणि लॉगही नाही. ज्यांना फक्त जुन्या गाडीचा बेस टायमिंग सेट करायचाय त्यांनी तांब्याची नळी आणि साधी लाइट यावर भागवावं. ज्यांच्या गाडीत कारखान्याचा ईसीयू आणि नॉक सेन्सर धड चालतोय, त्यांनीही हा संच घेऊ नये. त्यात ऐकू येणाऱ्या प्रत्येक टिकटिकीनं झोप उडेल.

सेन्सरची केबल संचात दीड मीटरची मिळते. ब्लॉकपासून चालकाच्या बाजूपर्यंत, एक्झॉस्ट आणि प्लगवायरी टाळून, ती पुरत नाही. तीन मीटरची शिल्डवाली घ्या आणि शिल्ड डबीच्याच टोकाला जोडा.